न विचारलेला कौल

“हो की नाही, एवढंच सांगा सर. बाकीचं मी बघून घेते.”

नाबर सर पाट्यावर चटणी वाटत होते. वरवंटा थांबला नाही.

“मीठ कमी झालंय,” ते म्हणाले.

“सर…”

“ऐकतोय मी. तू बोल.”

मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. आठळ्या माझ्या, स्वयंपाकघर त्यांचं. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या वाडीत आमची दोन घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. मध्ये कुंपण आहे, आणि कुंपणात येण्याजाण्याची वाटही आहे. सगळा जन्म शहरात पदार्थविज्ञान शिकवून सर आता गावी एकटे राहतात आणि स्वतःची चटणी स्वतः वाटतात. अजूनही त्यांचे विद्यार्थी पत्ता विचारत येतात. कोणी आलं की मी काहीतरी निमित्त काढून जाते. एकट्या माणसाकडे पाहुणा आला, तर चहापाण्याचं कोण बघणार?

ही काल संध्याकाळी आली. शलाका ढोबळे. पुण्याकडच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतली मोठी डॉक्टर. औषधाची नव्हे, विज्ञानाची. सरांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. असं सर म्हणत नाहीत, ती म्हणते.

“शोधनिबंध दुपारच्या आत पाठवायचाय,” ती म्हणाली. “परदेशातली एक मंडळी हेच करतायत. आज आमचा गेला नाही तर उद्या त्यांचा येईल. आमच्या लॅबमधले प्रभुणे तिकडे कॉम्प्युटरसमोर बसलेत. मी हो म्हटलं की बटण दाबायचं, बस्स.”

“मग म्हण हो.”

“आधी तुम्ही म्हणा.”

आता वरवंटा थांबला.

“शलाका, काय केलंस ते वहिनींना सांग.”

“काकूंना? … सर, वेळ कुठे आहे?”

“वहिनींना कळलं तर मलाही कळेल.”

एसटी चुकलेलं माणूस स्टँडवरच्या घड्याळाकडे बघतं, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. पण सांगायला बसली.

“काकू, एक अणू घ्यायचा. डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक. तो खूप थंड करायचा आणि लेझरच्या उजेडात तरंगत ठेवायचा. मग त्याला असा ठेवता येतो, की तो एकाच वेळी दोन जागी असतो.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा. दुकानात विचारावं तर घरी गेलेत, घरी विचारावं तर दुकानात.”

“ते दोन्हीकडे नसतात काकू. अणू दोन्हीकडे असतो.”

सर हसले. ती हसली नाही.

“त्या दोन जागा पुन्हा एकत्र आणल्या की पट्टे उमटतात. उजळ, काळा, उजळ, काळा. पट्टे दिसले म्हणजे अणू खरोखरच दोन्हीकडे होता.”

“बरं.”

“आता त्याच्या शेजारी एक गोळा टांगला. झुलता. जगातली प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते, तसा हा अणूही गोळ्याला ओढणार. अगदी नखभर, नखभर काय, त्याच्याही कितीतरी कमी. अणू इथे असेल तर गोळा इकडे ओढला जाणार, तिथे असेल तर तिकडे. पण अणू तर दोन्हीकडे आहे. मग गोळा?”

आठळी माझ्या हातातच राहिली.

“गोळा पण दोन्हीकडे?”

“तेच!” तिचा चेहरा काल आल्यापासून पहिल्यांदा उजळला. “तेच तर बघायचं होतं काकू. तसं असेल तर पट्टे हळूहळू विझतात, आणि गोळा एक झोका पुरा करून जागेवर आला की परत उजळतात. तसं दिसलं, तर गुरुत्वाकर्षण अणूच्याच जातीचं. क्वांटम. एका वेळी दोन्हीकडे ओढणारं. नाहीतर ते आपलं जुन्या वळणाचं, एका वेळी एकीकडेच ओढणारं. मोठमोठी माणसं यावर भांडून म्हातारी झाली.”

“मग दिसलं?”

“दिसलं. विझले आणि उजळले.” तिने मान ताठ केली. “माझ्याइतक्या नीटपणे जगात कोणीही पाहिलेलं नाही.”

“गोळा काढून पाहिलंस?” सरांनी विचारलं.

“पाहिलं ना. गोळा नसला की पट्टे विझत नाहीत. सगळं लिहिलंय त्यात.”

“गोळा काढलास, तेव्हा त्याचं वजन काढलंस, की त्याची कातडीही काढलीस?”

…

ती उत्तर देणार, तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. तिने घाईघाईने पर्स उपडी केली. कंगवा पडला, औषधाची पट्टी पडली, आणि रुमालाची एक गाठोडी सुटून लिंबाएवढा चकचकीत गोळा घरंगळत माझ्याकडे आला.

लोखंडी असेल, जड असेल, अशा बेताने मी तो उचलायला गेले, आणि माझा हात कपाळापर्यंत वर उडाला.

“अगो बाई! हा तर नुसता फुगा!”

“द्या तो काकू.”

“कसला गो?”

“काही नाही. वर्कशॉपमध्ये करून घेतलेला. बाहेरून हुबेहूब आमच्या गोळ्यासारखा. धातू तोच, मुलामा तोच. फक्त आतून पोकळ.”

“तो कशाला?”

ती रुमालाला गाठ मारत राहिली. सरांनी गोळ्याकडे एकदा पाहिलं आणि पाट्यावरची चटणी बोटाने निपटायला लागले. फोन वाजून वाजून गप्प झाला.

मी आठळ्यांचा वाडगा बाजूला सारला.

“सर, तुम्ही उगाच पोरीला घोर लावताय,” मी म्हटलं. “देवीने हो म्हटलंय तिला.”

“कोणत्या देवीने?”

“आपल्या सातेरीने. उजवा कौल दिला.”

शलाका कानापर्यंत लाल झाली. पण आता सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. सकाळी मी पाणी भरायला गेले, तर ही बाई विहिरीभोवती फेऱ्या मारत होती. डोळे सुजलेले. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी म्हटलं, चल, देवीला विचारू. गुरवाने देवीच्या अंगावर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्नापासून विहीर खणण्यापर्यंत सगळं असंच विचारतात.

“उजवी पडली सर. माझ्या डोळ्यांदेखत.”

“काकूंनी आग्रह केला म्हणून गेले,” शलाका म्हणाली. “मी हे मानत नाही.”

“मानत नाहीस, आणि गेलीस.”

“… हो.”

“आणि हो मिळाला.”

“हो.”

“मग मला कशाला विचारतेस?”

…

चुलीवरच्या पेजेला उकळी फुटली होती.

“वहिनी,” सर म्हणाले, “जरा घरी जाऊन येता?”

सांगितल्यावर मी लगेच उठले. आठळ्यांचा वाडगा घेतला, पुढच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि मागच्या दारापर्यंत गेले. तिथून माझं घर दिसतं. ते दार नुसतं लोटलेलं असतं. मी ते दोन बोटं उघडलं. एवढ्या मोठ्या निर्णयाच्या वेळी परक्या गावात पोरीला एकटं कसं सोडायचं?

आत सरांनी वरवंटा धुतला, पंच्याने पुसला आणि जमिनीवर मधोमध उभा केला. बारशाला वरवंट्याला टोपडं घालतात, ते मला माहीत. हे काय चाललंय ते कळेना. मग त्यांनी देवापुढच्या ताटलीतली जास्वंद आणली, दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि वरवंट्याला चिकटवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे.

मी बाहेरच्या बाहेर कपाळाला हात लावला. चटणीच्या वरवंट्याला कौल!

“विचार,” सर म्हणाले.

“काय विचारू? पाठवू की नको, ते?”

“काहीच विचारू नकोस.”

“मग कौल कशाचा?”

“बघू.”

दोघं मांडी घालून दगडाकडे बघत बसली.

उजवी पाकळी जराशी घसरली. अडली. पडली.

“हो,” सर म्हणाले.

“कशाला हो? मी काही विचारलंच नाही!”

सरांनी दोन नव्या पाकळ्या चिकटवल्या.

…

उजवी पडली.

“हो,” सर म्हणाले.

“सर, ही चेष्टा आहे का?”

सरांनी पुन्हा हात पुढे केला, तशी ती म्हणाली, “थांबा. मी लावते.”

आणि तिचं बसणंच बदललं. ओढणी कमरेला खोचली, गुडघ्यांवर आली. आधी वरवंटा हलवून पाहिला. तिरका उभा असेल, म्हणाली. त्याला उलटा फिरवला, डावीकडची बाजू उजवीकडे केली. पाकळ्या सारख्या मापाच्या निवडल्या. पाणीही दोन्हींना सारखंच लावलं, बोटाच्या टोकाने. काल आलेली, मान ताठ करून बोलणारी बाई ही नव्हतीच. ही कोणीतरी दुसरी, जिला आपण कशा दिसतो याची शुद्ध नव्हती.

उजवीच पडली.

“दगड नाही,” ती स्वतःशी बोलली. “पाणी नाही… मग?”

तिने बोट तोंडात घालून ओलं केलं आणि हवेत धरलं. थोडं इकडे नेलं, थोडं तिकडे. मग ते बोट धरूनच उठली आणि एक एक पाऊल टाकत उजव्या बाजूला यायला लागली. उजव्या बाजूला मागचं दार.

मला पळायला सुचलं नाही.

दार उघडलं. खाडीकडचा वारा माझ्या पाठीवरून थेट आत गेला.

“काकू!”

“मी… आठळ्या विसरले होते,” मी म्हटलं.

वाडगा माझ्या हातातच होता.

सरांना इतकं हसू आलं की त्यांनी पंचाच तोंडाला लावला.

“आत या वहिनी. आणि दार घट्ट लावून घ्या.”

मी आत आले, कडी घातली आणि तिथेच खाली बसले. शलाकाने पुन्हा दोन पाकळ्या चिकटवल्या. पुढचं दारही लावलं. खोलीत उकडायला लागलं, चुलीचा धूर भरला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोणी हललं नाही.

…

उजवी पडली नाही.

…

डावीही पडली नाही.

“पडत नाहीये,” ती हळूच म्हणाली.

“मघाशी हो कोण म्हणत होतं?”

“दार.”

मी पदराने डोळे टिपले.

“पण सर… म्हणजे देवळातसुद्धा?”

“ते देवीचं घर आहे वहिनी. तिथलं तिला विचारा. मी माझ्या वरवंट्याचं बोलतोय.”

एवढं ऐकल्यावर मला जरा बरं वाटलं. शलाकाला मात्र आमचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. तिने पर्समधून रुमाल काढून मांडीवर सोडला होता.

“सर, गोळ्याच्या अंगावर वीज साचते,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, या वेळी आपणहून. “काकू, कंगव्याला केस चिकटतात ना, तसली. ती पण अणूला ओढते. तिनेही पट्टे विझतील, आणि झोक्याबरोबर उजळतील. या पोकळ गोळ्याला अंग तेच आहे, पण वजन जवळजवळ नाहीच. हा टांगला आणि पट्टे विझले नाहीत, तर मी जे पाहिलं ते गुरुत्वाकर्षण.”

“आणि विझले तर?”

“तर ते दार.”

चुलीत लाकूड तडकलं.

“मग टांगला का नाहीस?” सरांनी विचारलं.

“वेळ नव्हता.”

“करून घ्यायला बरा वेळ होता,” मी म्हटलं. बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

ती रागावली नाही. गोळा एका तळहातावरून दुसऱ्यावर घेत राहिली. इतका हलका, की हातातून जाताना आवाजसुद्धा येत नव्हता.

“एवढी वर्षं गेली सर. लोक लग्नाला बोलवायचे थांबले, येणारच नाही म्हणून. हा टांगला आणि पट्टे विझलेच, तर माझ्या हातात काय राहील?”

सरांनी दुसरंच विचारलं.

“वेळ नव्हता, तर तो तिकडेच का नाही ठेवलास? पर्समध्ये घालून इथवर का आणलास?”

…

…

“तिकडे ठेवला असता,” ती म्हणाली, “तर प्रभुण्यांनी टांगला असता.”

बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. आता ही रडणार, असं वाटून मी पदर सावरला. पण बोटांच्या फटीतून आधी हसू आलं. पोट धरून हसली, भिंतीला टेकून हसली, आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागली. सर पेज ढवळत होते.

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने पहिल्या घंटेला उचलला. प्रभुण्यांचा आवाज एवढा खणखणीत, की कान देण्याची गरजच नव्हती.

“मॅडम, सकाळपासून बटणावर बोट ठेवून बसलोय. चहासुद्धा डाव्या हाताने पितोय. सांगा.”

“बोट काढा.”

“आँ?”

“पाठवू नका. आधी पोकळ गोळा टांगायचाय.”

“अहो, तो तर सापडत नाहीये! सगळी कपाटं उपसली आम्ही. वर्कशॉपवाल्याशी भांडून आलो.”

“त्याची माफी मागा. गोळा माझ्या पर्समध्ये आहे.”

…

तिकडून एक लांबलचक सुस्कारा ऐकू आला. पोतं खाली टेकवल्यावर हमाल सोडतो तसा.

“चिडलात प्रभुणे?”

“नाही हो मॅडम. उजव्या हाताने चहा पितोय.”

“आणि ती परदेशातली मंडळी?”

“ती काय करायचं ते करोत. मी आज घरी जाऊन झोपतो. तुम्ही सावकाश या.”

तिने फोन ठेवला. पाय लांब केले, चपला कधी काढल्या होत्या कोण जाणे, अनवाणी बोटं हलवली. तिच्या कपाळावरची एक शीर कालपासून उभी होती, ती आता कुठे दिसेना. मी उठून पुढचं दार उघडायला गेले, तर ती एकदम ओरडली, “काकू, नको! राहू दे लावलेलं.”

म्हणून आम्ही तशाच उकाड्यात बसून राहिलो.

“सर,” ती म्हणाली, “भूक लागली. किती दिवसांनी लागली.”

सरांनी तीन ताटल्या घेतल्या. पेज वाढली, कडेला चटणीचा एक एक गोळा ठेवला. मीठ अजून कमीच होतं, पण मी काही बोलले नाही.

पहिला घास घेण्याआधी तिने हात थांबवला.

“पण सर, एक विचारू? निबंधाचं नाही. आपलं असंच… तुम्हाला मनातून काय वाटतं? गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे? हो की नाही?”

सरांनी वरवंट्याकडे पाहिलं. म्हणून मीही पाहिलं, आणि तीही.

“दोन्ही अजून वर आहेत,” सर म्हणाले. “तोवर जेवून घे.”